त्याच छापाचा मांजरपाट

काका, तुम्ही गेलात त्याला येत्या कार्तिकात सात वर्षं होतील. आज लिहायला बसलो त्याला कारण फार मोठं नाही. मुंबईत आमच्या पेढीवर एक नवा कारकून आलाय. चुणचुणीत आहे, अक्षर वळणदार आहे. त्यानं आज सकाळभर व्यापाराचं सरकारी पुस्तक पुढ्यात घेतलं, परदेशातून आलेल्या सगळ्या कापडाची किंमत एका बाजूला मांडली, सगळे वार दुसऱ्या बाजूला मांडले, एकाला दुसऱ्यानं भागलं आणि कागद घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, "रावसाहेब, यंदा कापड स्वस्त झालं." मी विचारलं, कुठलं कापड? म्हणाला, "एकंदर." त्या 'एकंदर'वर माझं डोकं असं फिरलं की मी काय काय बोललो ते आता आठवतही नाही. शेजारच्या पेढीतला मुनीम दारातून डोकावून गेला. तो बिचारा मान खाली घालून एवढंच म्हणाला, "पण आकडे सरकारी पुस्तकातलेच आहेत." ते ऐकून मी हातातला त्याचा कागद खाली ठेवला. कारण ते वाक्य माझं आहे. तुमच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभा राहून मी तुम्हाला शब्दाला शब्द तेच म्हणालो होतो.

त्यात घरी कोणी नाही. बायको बाळंतपणाला माहेरी, कल्याणला गेली आहे. मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत, हे खरं तर आधी सांगायला हवं होतं. थोरला मुलगाही तिच्याबरोबर तिकडेच आहे. दोन महिने मी ठाण्यात एकटा आहे आणि माझं कशात लक्ष लागत नाही. शेजारची मंडळी हसतात, सात वर्षांच्या संसारानंतर नवऱ्यानं इतकं कासावीस व्हावं का म्हणतात. तुम्हीही हसला असतात. पण तुम्ही मला ह्या दुखण्यात अगदी जवळून पाहिलेलं आहे, त्यामुळे तुमच्यापाशी लाज वाटत नाही.

ते दुखणं तेव्हा फारच वाढलेलं. आमचं लग्न होऊन सहा वर्षं झालेली आणि ती अजून माहेरीच. आधी तिची आई अंथरुणाला खिळलेली, घर सगळं हिच्यावर, म्हणून सासऱ्यांनी पाठवणी पुढे ढकलली. ते मला पटण्यासारखं होतं. पुढे आई गेली, तर म्हणाले, जावयाचं कॉलेज संपू दे. तिला एकोणीस सरलं, कल्याणात लोक बोलायला लागले, तरी त्यांचं तेच. मी शनिवारी मुंबईहून निघालो की ठाण्याला उतरायचं सोडून सरळ कल्याण गाठायचो. बाजारात त्यांचं कापडाचं दुकान, वर माडी, आणि माडीच्या खिडकीशी ती कापडाचे तागे वारावर मापून घड्या घालत बसलेली असायची. तिच्याशी बोलायची सोय नव्हती. समोर साखरेचं दुकान होतं, तिथे उभं राहायला निमित्त हवं म्हणून मी पावशेर साखर घ्यायचो. इतक्यांदा घेतली की शेवटी आईनं विचारलं, "अरे, तुला तिथे शिकवतात का शिरा करायला लावतात?" सोमवारी वर्गात माझं लक्ष नसे. एकदा प्रोफेसरांनी सगळ्यांदेखत टोमणा मारला, मी उलट बोललो, आणि वही बाकावर तशीच ठेवून बाहेर पडलो तो पुन्हा गेलोच नाही. लोकांना मी सांगायचो की प्रोफेसरांनी अपमान केला. सासऱ्यांना कळलं तेव्हा त्यांनी निरोप धाडला: कॉलेज सोडलं, नोकरी नाही, मग मुलगी कशाला पाठवू, दोघं मिळून टाळ कुटणार का?

वडिलांनी मला तुमच्याकडे आणलं तो दिवस मला अजून दिसतो. तुम्ही ओटीवर पाटावर बसला आहात, पुढ्यात कागद, नाकावर चष्मा. वडील म्हणतात, "हा ठेवून घ्या तुमच्याकडे. घरी ठेवला तर भांडतो, बाहेर सोडला तर कल्याणला जातो." तुम्ही चष्म्यावरून माझ्याकडे बघता आणि विचारता, "भागाकार येतो का?" मी चिडतो. कॉलेजात गेलेल्या माणसाला भागाकार विचारतात. तुम्ही म्हणता, "येतो ना? मग तोच आधी विसरायला लागेल." मला तेव्हा वाटलं, म्हातारा उगाच कोड्यात बोलतोय.

मुंबईच्या जकात-कचेरीत तुमचा जन्म गेलेला. बोटीतून उतरलेल्या मालाचं मोल ठरवायचं, व्यापारी सांगतो ते खरं की कमी सांगतो ते पाहायचं, हे तुमचं काम. पेन्शन घेऊन ठाण्याला आलात तरी सवय सुटली नव्हती. ठाण्यातल्या काही वकील आणि व्यापारी मंडळींची एक सभा होती, त्यांना सरकारकडे अर्ज करायचा होता, आणि त्यासाठी एक गोष्ट नक्की हवी होती: परदेशातून येणारा माल आपल्याला वर्षावर्षाला महाग पडतोय की स्वस्त. ते कोष्टक तुम्ही करत होतात. कापड, सूत, तांब्याचा पत्रा, मॉरिशसची साखर, बसऱ्याचा खजूर, काडेपेट्या, छत्र्या, रॉकेल अशा दहा जिनसा. पहिल्या सालच्या भावाला शंभर म्हणायचं. पुढल्या साली तीच जिन्नस शेकड्याला पाचनं महाग झाली तर एकशेपाच लिहायचं. इंग्रजी पुस्तकांत त्याला इंडेक्स नंबर म्हणतात. तुम्ही नुसतं शंभरी म्हणायचात. "ह्या महिन्याची शंभरी झाली का?" असं विचारलंत की तुमची सख्खी बहीण असून आत्या आतून म्हणायच्या, "आधी स्वतःची होऊ दे."

पहिलं कोष्टक मी एका दुपारीत करून आणलं. दहा जिनसांच्या दहा शंभऱ्या काढल्या, बेरीज केली, दहानं भागलं. त्या साली खजूर फार चढलेला, त्यामुळे माझ्या आकड्यानं सगळी परदेशी आयात भलतीच महाग झाली. तुम्ही कागद वाचलात, बाजूला ठेवलात आणि विचारलंत, "कॉलेजवाले, उद्या खजूर नेसून बाहेर जाणार का?" मला कळेना. तुम्ही म्हणालात, "बंदरावर शंभर रुपयांचा माल उतरला तर त्यात कापड किती आणि खजूर किती? घरात भात किती लागतो आणि लोणचं किती? लोणचं दुप्पट महाग झालं म्हणून घर बुडत नाही. भाताला भाताइतकं वजन दे, लोणच्याला लोणच्याइतकं." मी ते कोष्टक पुन्हा केलं. मनात राग होता, पण समजलं होतं. पुढे तुम्ही मला ते पितळी चौकटीचं छोटं भिंग दिलंत, कापडावर टेकवून इंचात धागे किती ते मोजायचं. म्हणालात, "हे माझ्या साहेबानं मला दिलेलं. त्याच्यापेक्षा तुझी नजर चांगली आहे." तुमच्याकडून कौतुक म्हणून मला मिळालेलं ते तेवढंच.

आणि मग श्रावणात मी तो उद्योग केला. त्याच आठवड्यात वडिलांनी पुन्हा एकदा कल्याणला माणूस पाठवलेला, तिला घेऊन यायला, आणि सासऱ्यांनी त्याला जेवू घालून रिकामा परत लावलेला. मी तुमच्या ओटीवर बसून सरकारी पुस्तक चाळत होतो. कापडाची एकूण किंमत दिसली, एकूण वार दिसले. भागलं. मागच्या सालाशी ताडून पाहिलं तर दर वाराचा भाव चांगलाच उतरलेला. पण कल्याणच्या बाजारात तर भाव तोच होता, ते मला साखर घेता घेता दर खेपेला दिसत होतं. बंदरावर माल स्वस्त आणि दुकानात भाव तोच, मग मधला फरक कोण खातो? ह्याचं उत्तर मला तेव्हा इतकं आवडलं की ताडून पाहायची इच्छाच झाली नाही. तुम्हाला न विचारता मी ठाण्यातल्या एका साप्ताहिकाला पत्र लिहिलं. कल्याणचे कापडवाले गोरगरिबांना कसे लुटतात ते दीड रकाना. खाली 'एक ग्राहक'. आणि आकड्याला वजन यावं म्हणून लिहिलं की ठाण्यातल्या एका जुन्या, अनुभवी जकात-अंमलदारांच्या कोष्टकावरून हे सिद्ध होतं.

ते छापून आलं त्या दिवशी मी मासुंदा तळ्याच्या काठी चार जणांना वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही मला बोलावलंत. मला वाटलं शाबासकी आहे.

तुम्ही स्वयंपाकघरात होतात, तेच मला विचित्र वाटलं. चुलीवर मोठं तपेलं, त्यात पाणी उकळतंय. बाजूला तुमचा तो बिस्किटांचा पत्र्याचा डबा उघडा पडलेला. त्यात तुम्ही दरसाल एकाच छापाच्या मांजरपाटाचा हातभर तुकडा कापून, कोपऱ्यावर साल लिहून ठेवत होतात. मोराचा छाप, तोच कारखाना, तोच पन्हा. आत्या दाराशी उभ्या. "दुकानातलं पारोसं कापड माझ्या वरणाच्या तपेल्यात? आता ते तपेलं नेऊन खाडीत टाका." तुम्ही म्हणालात, "टाकतो गं, आधी भाव तर निघू दे." मी उंबऱ्याशी थांबलो. तुम्ही मला आत ये म्हणाला नाहीत.

आधी तुम्ही दोन मुठी तांदूळ घेतले. एका मुठीत आंबेमोहर, एका मुठीत लाल जाडा. "गेल्या साली घरात निम्मा हा आला, निम्मा तो. यंदा पैसे कमी म्हणून आंबेमोहर चिमूटभर आणि बाकी सगळा जाडा. शेराचा सरासरी भाव काढ, उतरलेला दिसेल. आंबेमोहर स्वस्त झाला का?" मी म्हणालो, नाही. "जाडा स्वस्त झाला?" नाही. "मग काय स्वस्त झालं?" तुम्ही सांगितलंत की यंदा बंदरावर मलमल आणि चांगलं रुंद कापड कमी उतरलं, हलकं, अरुंद कापड फार उतरलं. म्हणून सरासरी खाली आली. एकाही कापडाचा भाव उतरलेला नव्हता. "भाव विचारायचा तर वस्तू तीच पाहिजे. वस्तू बदलली की भाव बदलला म्हणायचा तुला अधिकार नाही." तेव्हा मी ते वाक्य म्हणालो, की आकडे सरकारी पुस्तकातलेच आहेत. तुम्ही म्हणालात, "आकडे सरकारचेच आहेत. अक्कल कुणाची होती?"

मग तीन सालांचे तीन तुकडे तुम्ही सोनाराच्या काट्यावर तोललेत. तिन्ही जवळजवळ सारखे. ते तपेल्यात टाकले. पाणी हळूहळू पांढरं झालं, पेज असावी तसं. कापडाला वजन यावं म्हणून विलायतेत खळ आणि पांढरी माती चोपडतात, हे मी ऐकलेलं होतं, पण पाहिलेलं नव्हतं. तुकडे बाहेर काढून परसात वाळत घातलेत आणि आपण दोघं पायरीवर बसलो. तेवढ्यात कळव्याची ती मीठवाली आली, खाडी उतरून यायची ती, डोक्यावर पाटी. दोरीवरचे तुकडे बघून म्हणाली, "मामा, ह्यो मोराचा कपरा घेव नका. आवंदा न्हवऱ्याला बंडी शिवली, दोन येला धुतली, त जाली चालन, नुसती भोकं." तुम्ही विचारलंत, "आणि मागल्या वेळची?" "ती? ती फाटलीच नाय. ती घालून दोन उन्हालं मिठागरान काम केलान त्यानी." "भाव काय दिलास?" "भाव तोच. दुकानदार म्हनतो छाप तोच, भाव तोच. मी बोल्लू, छाप काय आंगावर घालायचा?" तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "ऐक. आपल्या सभेत हिला बसवायला पाहिजे." ती हसली आणि मिठाचं माप भरायला लागली.

वाळल्यावर पुन्हा तोललं. पहिल्या सालच्या तुकड्यातून थोडं गेलेलं. यंदाच्या तुकड्यातून तिसरा हिस्सा गेलेला. भिंग लावून धागे मोजायला तुम्ही मलाच सांगितलंत, आणि धागेही कमी भरले. म्हणजे त्याच भावात कापूस कमी मिळत होता. मी स्वस्त म्हणून ओरडलो ते कापड खरं तर महाग झालेलं होतं, फक्त ते महागणं भावात दिसत नव्हतं, पाण्यात टाकल्यावर दिसत होतं. कल्याणच्या दुकानदारांनी काही खाल्लेलं नव्हतं. त्यांना आलेला मालच असा होता.

तुम्ही ओरडला नाहीत. आवाज चढवला असतात तर मला भांडता आलं असतं. तुम्ही एवढंच म्हणालात, "दुरुस्ती छाप. तुझ्या नावानं. आणि कल्याणला स्वतः जाऊन सांग की आकडा तुझा होता. ज्यानं घातला त्यानंच तो काढायचा." मी म्हणालो, हे सांगितलं तर ते तिला कधीच पाठवणार नाहीत. तुम्ही म्हणालात, "ते मला माहीत आहे." आणि चष्मा पुसत, "तरीही."

मी दुरुस्ती लिहिली, हे खोटं नाही. तीन वेळा लिहिली. गादीखाली ठेवली. सासऱ्यांना ते पत्र कोणाचं हे कळायला वेळ लागला नव्हता, मासुंद्यावरचे चार जण होतेच. दिवाळी आली तर सासरचं दरसालचं बोलावणं आलं नाही. पाडव्याला आई मला वाढताना रडत होती. त्याच दिवसांत तुमची छाती भरली. मी रोज येऊन बसायचो. तुम्ही विचारायचात, "छापलीस का?" मी म्हणायचो, पुढल्या अंकात. "कल्याणला गेलास?" जातो. एक दिवस तुम्ही उशीखालून पत्र काढून दिलंत, मुंबईतल्या ह्याच पेढीच्या मालकांना लिहिलेलं, उघडंच. मी वाटेत वाचलं. त्यात लिहिलं होतं की मुलगा हिशेबात घाई करतो, पण चूक दाखवली की कबूल करतो, आणि हा गुण मी जकातीत तीस वर्षांत फार थोड्यांत पाहिला. त्या पत्रावर मला नोकरी लागली. ती सांगायला आलो तेव्हा तुम्हाला माणसं ओळखू येत नव्हती. दोन दिवसांनी तुम्ही गेलात.

मार्गशीर्षात मी कल्याणला गेलो. नोकरी होती, पगार ठरलेला होता, सासऱ्यांचं पोटापाण्याचं बोलणं आता संपलेलं होतं. राहिली होती ती फक्त त्या छापलेल्या पत्राची अढी. त्यांनी मला दुकानातच बसवलं, घरात नेलं नाही. "या जावईबापू. कॉलेज सोडलंत, आता वर्तमानपत्र धरलंत म्हणे. आम्ही दरोडेखोर, असं ऐकतो." त्यांचा मुनीम वहीत डोकं घालून हसत होता. सासरे म्हणाले, "मला तुमच्या शिव्यांचं काही वाटत नाही, पोर आहात. मला त्या आकड्याचं वाटतं. चाळीस वर्षं ह्या पेठेत बसलोय, कोणी माझ्या मापावर बोट ठेवलेलं नाही. तो आकडा आला कुठून? तुमचा होता की त्या म्हाताऱ्याचा?" दुकानातून घरात जायचं दार अर्धं लोटलेलं होतं. त्यामागे बांगड्या वाजल्या. मला ती दिसत नव्हती, पण तिथे दुसरं कोण असणार. माझ्या खिशात तुमचं पत्र होतं, मालकांनी वाचून परत दिलेलं, मी ते बरोबरच बाळगायचो.

मी म्हणालो, काकांचा. म्हणालो, वय झालं होतं त्यांचं, नजर गेलेली, शेवटी शेवटी आकडे चुकायचे. मी लहान, मी विश्वास ठेवला.

सासऱ्यांचा चेहरा एकदम सैल झाला. "असं होय," म्हणाले. "अहो, मग आधी सांगायचं. म्हाताऱ्या माणसाचं होतं असं." मुनिमाला चहा सांगितला. मग मला मायेनं समजावून सांगायला लागले की हलकं कापड जास्त आलं की सरासरी कशी उतरते, छाप तोच राहून माल कसा उतरतो. तुम्ही सांगितलं ते सगळं, जवळजवळ त्याच शब्दांत. मी नव्यानं ऐकल्यासारखं ऐकलं. पंधरा दिवसांनी त्यांनी तिला वाजतगाजत पाठवलं. एवढंच म्हणाले की पेठेच्या समाधानासाठी दोन ओळी छापा. मी छापल्या. 'मूळ कोष्टकात दोष असल्याचे आढळून आले आहे.' नाव कोणाचंच नव्हतं. लागतही नव्हतं, कोष्टक कोणाचं ते सगळ्या ठाण्याला ठाऊक होतं. आत्यांनी मला विचारलं, "पेपरात दादाचं काही आलंय म्हणे. नाव आलं का?" मी म्हणालो, नाव नाही आलं. "एवढं केलं त्यानं, नाव तरी घालायचं," असं त्या म्हणाल्या. दोन वर्षांनी त्याही गेल्या.

तिनं मला विचारलं होतं, एकदाच. ठाण्याला उतरल्यावर बैलगाडीतून घरी येताना, ट्रंकेवर हात ठेवून बसलेली. "अहो, ते मोराच्या छापाचं कापड मी रोज मापत होते. यंदाचं हातात घेतल्यावरच कळायचं. मला विचारलं असतंत तरी मी सांगितलं असतं." मी म्हणालो, तुला कसं विचारणार, साखरेच्या दुकानातून? ती हसली. मग म्हणाली, "काका खरंच चुकले? जन्म त्याच कामात गेलेला माणूस?" मी हो म्हणालो. तिनं ट्रंकेवरची दोरी नीट केली आणि पुन्हा तो विषय काढला नाही. तिला काय वाटलं ते मला माहीत नाही. सात वर्षांत मी तिला पुष्कळ काही सांगितलंय, नको तेही सांगितलंय, पण हे नाही.

कापडावरची जकात आता उठली. आधी जाड्या कापडावरची उठली, मग उरलेलीही. तुमच्या सभेचा अर्जही कुठेतरी पडून राहिला. पण शंभरी मी अजून काढतो, पेढीच्या कामासाठी. दरसाल एकाच छापाचा तुकडा कापून ठेवतो आणि उकळून बघतो. आज त्या कारकुनाला ओरडून झाल्यावर बसवून घेतलं आणि सगळं नीट शिकवलं. तांदळासकट. त्यानं विचारलं, हे तुम्हाला कोणी शिकवलं? तुमचं नाव मी सांगितलं. त्याच्या दृष्टीनं ते नुसतं एक नाव.

रविवारी मुलीचं बारसं आहे, कल्याणला जायचंय. सासरे आता थकले, माझ्यावर फार जीव आहे त्यांचा. पंगतीत कापडाचा विषय निघाला की ते हटकून ती गोष्ट सांगतात, ठाण्याच्या त्या जकातवाल्या म्हाताऱ्याची, ज्याला जन्मभर मोलं ठरवून शेवटी साधी सरासरी जमली नाही. पाहुणे हसतात. मी खाली बघून जेवतो. आता कसली भीती, असं तुम्ही म्हणाल. दोन मुलांची आई झालेली बायको कोणी माघारी ठेवून घेत नाही. खरं आहे. रविवारी मी पंगतीत सांगू शकतो. सासरे दोन दिवस बोलणार नाहीत, मग बोलतील. ती बघेल माझ्याकडे, तेवढंच. ते तेवढंच मला जमत नाहीये.

आणि आणखी एक आहे, ते तुम्हाला सांगायला हवं म्हणूनच खरं तर बसलो. मी पश्चात्ताप करायचा पुष्कळ प्रयत्न केला. मार्गशीर्षातली ती दुपार मी मनात पुन्हा पुन्हा उभी करतो. सासरे गादीवर बसलेत, मुनीम वहीत बघतोय, दार अर्धं लोटलेलं आहे, आणि ते विचारतात, आकडा कोणाचा. मी दरवेळी ठरवून जातो की ह्या खेपेला माझा म्हणायचं. मग दारामागे बांगड्या वाजतात आणि मी म्हणतो, काकांचा. अजून एकदाही दुसरं उत्तर तोंडातून आलेलं नाही.